यंदा वणवा बागेपर्यंत येऊ द्यायचा नाही: कोंढाळी-काटोल पट्ट्यात आत्तापासून काय करता येईल?

संत्राबाग | १४ डिसेंबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. कोंढाळीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आमची साडेसहा एकर संत्र्याची बाग आहे. पूर्वेला नाला, नाल्यापलीकडे शेजाऱ्यांचं वावर आणि उत्तरेला थेट राखीव जंगल. मध्ये कुंपणाची तार, बाकी काही नाही.

मागच्या एप्रिलमध्ये शेजाऱ्यांनी दुपारी एकच्या सुमारास धुरा, म्हणजे बांधावरचं वाळलं गवत, पेटवला. दरवर्षी पेटवतात, आम्हीही पेटवायचो. त्या दिवशी वावटळ उठली आणि जळता पाचोळा नाल्यातल्या वाळक्या गवतात पडला. मी विहिरीवर होतो. धूर दिसला, धावत गेलो, तोवर आग नाल्याच्या या काठावर आली होती. वीज नव्हती, म्हणजे पंप बंद. मी, बायको आणि दोन मजूर ओली पोती घेऊन झोडपत राहिलो. पूर्वेच्या दोन ओळी गेल्या. चौदा वर्षांची झाडं, आंबिया बहाराची बोराएवढी फळं धरलेली. ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटल्या होत्या, त्या नंतर खुरप्याने खरवडून काढाव्या लागल्या.

आणि आग तिथे थांबली नाही. आमच्या बागेच्या कोपऱ्यावरून जंगलात शिरली आणि चढाने वर गेली. दोन रात्री डोंगरावर लाल माळ दिसत होती. वनखात्याची माणसं आणि गावातली पोरं तिसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरली, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

शेजाऱ्यांवर माझा राग नाही. ते माझ्याआधी धावत आले होते. पण या वर्षी मला एप्रिलची वाट बघायची नाही. आत्ता गवत पिवळं पडायला लागलंय. कोणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर सांगा: बागेभोवती काय करायचं, कधी करायचं, जंगलाच्या बाजूला मला काय करता येतं आणि काय करायचं नाही?

---

वनवाट | १४ डिसेंबर, रात्री १०.४५

संत्राबाग, तुम्ही डिसेंबरात विचारलंत याचा फार आनंद झाला. एकतीस वर्षं वनरक्षक म्हणून काढली, त्यातली बरीच नागपूर आणि वर्धा जिल्ह्यांत. लोक वणव्याबद्दल एप्रिलमध्ये बोलतात. एप्रिलमध्ये फक्त धावपळ होते. खरं काम पावसाळा संपल्यापासून १५ फेब्रुवारीपर्यंतचं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे खात्याचा आगीचा हंगाम धरतात. त्याआधी जाळरेषा तयार हव्यात.

नव्या वाचकांसाठी सांगतो. जाळरेषा म्हणजे जंगलातला गवत-पाचोळा काढून टाकलेला पट्टा. कक्षांच्या (खात्याने जंगलाचे पाडलेले भाग) हद्दीवर, रस्त्याच्या कडेने, गावाच्या बाजूने. पावसाळ्यानंतर गवत कापायचं, पट्ट्यातच वाळू द्यायचं, मग पाचोळ्यासकट मधोमध ओढून माणसं दोन्ही कडांना उभी करून जाळायचं. हे सकाळी किंवा सायंकाळी, वारा पडलेला असताना आणि आजूबाजूला अजून थोडी ओल असताना. रुंदी जागेप्रमाणे: कुठे तीन मीटर, कुठे सहा, मुख्य रेषा बारा मीटरपर्यंत.

पुढची गोष्ट लोकांना माहीत नसते. जाळरेषा जाळली की काम संपत नाही. आपलं जंगल सागाचं. सागाचं पान सुपाएवढं, आणि ते फेब्रुवारी-मार्चमध्येही गळत राहतं. जानेवारीत लखलखीत केलेल्या रेषेवर मार्चअखेर पुन्हा पानांचा थर असतो. आगीला तो पूल मिळतो. म्हणून रेषा दर आठ-दहा दिवसांनी झाडत राहावी लागते. माझ्या नोकरीत ज्या आगी रेषा ओलांडून गेल्या, त्यातल्या बहुतेक न झाडलेल्या रेषेवरून गेल्या.

तुमच्यासाठी:

जंगलाच्या हद्दीत स्वतःहून काही कापू नका, जाळू तर मुळीच नका. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी. बीटच्या वनरक्षकाला आणि वनपालाला आत्ताच भेटा, तुमच्या हद्दीला लागून रेषा घेणार का विचारा. संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या बैठकीत विषय घ्या.

तुमच्या बाजूने तारेच्या आत नांगराचे तास घाला, मग वखरून घ्या. पाच-सहा मीटर निव्वळ काळी माती दिसली पाहिजे. गवत कापून तिथेच टाकलं तर उपयोग नाही, कापलेलं गवत उभ्या गवतापेक्षा लवकर पेटतं.

नाला हा तुमचा खरा धोका आहे. नाल्यातलं गवत कोणाच्याच मालकीचं नसतं, म्हणून कोणीच कापत नाही.

---

मोहफूल | १५ डिसेंबर, सकाळी ७.३०

वनवाट काका, नमस्कार. मी देवलापारकडची, शाळेत शिकवते. आई अजूनही मोह वेचते. पेंचच्या बाजूला आग लागली की पहिलं बोट आमच्याकडे दाखवतात, म्हणून लिहिते आहे.

हो, मोहाच्या झाडाखाली पाला जाळतात. का जाळतात तेही समजून घ्या. मोह मार्च-एप्रिलमध्ये टपकतो, पहाटे. फूल पिवळसर पांढरं, खाली सागाचा आणि मोहाचाच वाळलेला पाला. अंधारात उठून तीन-चार किलोमीटर चालत जायचं, ऊन चढायच्या आत टोपली भरायची. पाल्यातून एकेक फूल शोधत बसलं तर टोपली भरत नाही आणि उशीर झाला तर अस्वल आधी येतं. पाला जाळला की काळ्या जमिनीवर फूल लांबून दिसतं. काडी लावून माणूस घरी जातो, विझली असेल असं समजतो. जाड ओंडक्यात निखारा राहतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याने उठतो.

आमच्या घरी गेली काही वर्षं आई झाडाखाली पाला झाडून गोल करते, पाला झाडापासून दूर ओढते आणि जुन्या साड्या शिवून केलेली चादर अंथरते. हिरवी नेटही वापरून पाहिली. झाडून अंथरायला पहिल्या दिवशी अर्धा दिवस जातो, पण नंतर रोज वेचायचा वेळ निम्म्यावर येतो. शिवाय फुलाला राख-माती लागत नाही, वाळल्यावर रंग चांगला येतो आणि व्यापारी भाव बरा देतो. आईला जंगल वाचवा म्हणून पटलं नाही, तिला भाव पटला. वाडीतल्या बायकांनीही तिचं फूल बघून सुरू केलं.

म्हणून गावात जाऊन 'आग लावू नका' असे फलक लावण्यापेक्षा फेब्रुवारीत घरटी दोन नेट द्या. त्याने जास्त काम होईल.

---

पऱ्हाटी | १५ डिसेंबर, दुपारी १.०५

बरं वाटलं वाचून. पण मले एक सांगा, पऱ्हाटीचं, म्हंजे कापसाच्या वाळल्या झाडाचं, काय करा? मी हिंगणा तालुक्यातला. कापूस संपला की पऱ्हाटी वावरात ठेवता येत नाही, काहून की गुलाबी बोंडअळी त्याच्यातच राह्यते. कृषीवाले म्हणतात फरदड (हंगाम संपल्यावरचा जादा कापूस) घेऊ नका, पऱ्हाटी काढून नष्ट करा. नष्ट करा म्हणजे? उपटायले मजूर नाही, घरी चुलीले लागते थोडी, बाकी ढीग धुऱ्यावर. मार्च-एप्रिलमध्ये वावर मोकळं कराचं म्हटलं की काडी. आमच्याकडे कोणी हौसेनं जाळत नाही जी.

---

वनवाट | १५ डिसेंबर, दुपारी ३.२०

पऱ्हाटी भाऊ, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि कृषीवाल्यांचंही. ढीग धुऱ्यावर ठेवू नका एवढंच आधी करा. धुऱ्यावर गवत असतं, ढिगाखालचं गवत वातीसारखं काम करतं. ढीग वावराच्या मधोमध, भोवती वखरलेली जमीन. ट्रॅक्टरवर चालणारा श्रेडर भाड्याने मिळतो, चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक दिवस बोलावला तर परवडतो. बारीक झालेली पऱ्हाटी रोटाव्हेटरने मातीत जाते, अळीचे कोषही तुटतात.

अगदी जाळायचंच असेल तर जानेवारीत, सकाळी दहिवर असताना, शेजाऱ्यांना सांगून, पाण्याचा टँकर उभा ठेवून. एप्रिलमध्ये दुपारी नाही. नागपुरात ४५ अंशांत वाळलेलं गवत आणि जानेवारीतलं गवत दिसायला सारखं, पेटायला फार वेगळं.

---

यारा_काठ | १६ डिसेंबर, सकाळी ६.१५

मूळची नागपूरच्या धंतोलीची, आता बारा वर्षं मेलबर्नला. इथे व्हिक्टोरिया राज्यात आगीचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारीत असतो, त्यामुळे हा धागा वाचताना अंगावर काटा आला. तुमचा मे म्हणजे आमचा जानेवारी.

इथल्या लोकांच्या मनात ७ फेब्रुवारी २००९ हा दिवस कोरलेला आहे, 'ब्लॅक सॅटरडे'. त्या दिवसाच्या आगींत १७३ माणसं गेली. माझी शेजारीण तेव्हा किंगलेककडे राहायची. ती सांगते, ज्वाळा दिसायच्या आधी निखारे आले. पाऊस पडावा तसे. युकॅलिप्टसच्या सालीचे जळते तुकडे वाऱ्यावर कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडतात आणि तिथे नवी आग लागते. म्हणून इथे घराभोवती झाडं कापण्याइतकंच छपराच्या पन्हाळीतला पाला काढण्याला महत्त्व आहे. बरीच घरं ज्वाळेने नाही, पन्हाळीत पडलेल्या निखाऱ्याने जातात.

संत्राबाग, तुमच्याकडे युकॅलिप्टसचं जंगल नाही, पण गोठ्याच्या कौलात अडकलेलं पान, कुटाराचा उघडा ढीग, भिंतीला टेकवलेली तुराटी ही निखाऱ्यासाठी तीच जागा. ती आधी बघा.

दुसरी गोष्ट. इथे प्रत्येक घराने हंगामाआधी कागदावर लिहून ठेवायचं असतं: कधी निघायचं, कोणत्या रस्त्याने, कोण कोणाला घेणार, जनावरांचं काय. धूर दिसल्यावर ठरवायला बसलं की उशीर झालेला असतो. ब्लॅक सॅटरडेनंतर घर राखत थांबण्यापेक्षा लवकर निघा, यावर खूप भर आला.

एक प्रश्न वनवाट काकांना. इथे थंड महिन्यांत जंगलाचा काही भाग मुद्दाम, हळू आगीने जाळतात, म्हणजे उन्हाळ्यात जळायला इंधन कमी उरतं. इथले आदिवासी हजारो वर्षं हे करत आले आहेत. आपल्याकडे का करत नाहीत?

---

वनवाट | १६ डिसेंबर, रात्री ८.००

ताई, प्रश्न चांगला आहे आणि उत्तर एका वाक्यात नाही.

आपल्याकडे जाळरेषा जाळतो ते तेच, फक्त पट्ट्यापुरतं. पूर्ण कक्ष जाळायचा नाही, यामागे कारण आहे. ऑस्ट्रेलियातली कितीतरी झाडं आगीबरोबरच वाढलेली. काहींचं बी आगीशिवाय उघडत नाही. आपला सागही आग सोसतो, साल जाड. तेंदूला तर जमिनीखालून फूट येते, वर जाळलं की खालून हिरवा कोंब. पण मोह, आवळा, चार (चारोळीचं झाड), बेहडा यांची दोन-तीन वर्षांची रोपं प्रत्येक आगीत जातात. वरचं झाड उभं दिसतं म्हणून जंगल वाचलं असं वाटतं. खाली पुढची पिढी नसते. दरवर्षी जळणाऱ्या कक्षात मी वीस-वीस वर्षांत मोहाचं नवं झाड उभं राहिलेलं पाहिलं नाही. उरतो साग, तेंदू आणि घाणेरी (लँटाना).

पण आग पूर्ण बंद केली की सगळं ठीक, असंही नाही. कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरावरचे सोलिगा लोक पूर्वी हंगामाच्या सुरुवातीला पाचोळ्याची हलकी आग लावायचे. ती बंद झाल्यावर तिथे घाणेरी माजली, हे त्या लोकांनी वारंवार सांगितलं आणि अभ्यासकांनीही लिहिलं. घाणेरीचं झुडूप पुरुषभर उंच. त्यात लागलेली आग जमिनीवर राहत नाही, वर चढते. म्हणून आमच्याकडे घाणेरी मुळासकट उपटणं हेही आगीचंच काम समजलं पाहिजे, आणि रानतुळस बी धरायच्या आत कापणं. हाताने, पावसाळ्यात, माती ओली असताना.

अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० आहे, आग लावायला बंदी. गावकऱ्याने स्वतःच्या मनाने थंडीत जंगल जाळावं असं मी कधीच सांगणार नाही.

---

यारा_काठ | १७ डिसेंबर, सकाळी ५.५०

पटलं काका. इथेही धडे सोपे नव्हते. २००९ नंतरच्या चौकशी आयोगाने सरकारी जमिनीपैकी दरवर्षी किमान पाच टक्के जाळावी असं सुचवलं होतं. मग आकडा पुरा करायला दूरचं, सोपं जंगल जाळलं जायला लागलं आणि गावाजवळचं अवघड जंगल तसंच राहायला लागलं, अशी टीका झाली. २०१५ मध्ये हेक्टर मोजणं सोडून गावांचा धोका किती कमी झाला हे मोजायचं ठरलं. तुमच्याकडे जाळरेषेचे किलोमीटर मोजत असतील तर हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

---

पाखरू | १७ डिसेंबर, रात्री ९.३०

नागपूर शहरातून. पक्षी बघायला गोरेवाडा, अंबाझरी, उमरेड-पवनी-कऱ्हांडला असं फिरणं असतं. दोन मुद्दे.

पहिला: आगीचा हंगाम हाच जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांचा हंगाम आहे. टिटवी, रातवा, तित्तिर. रातव्याचं तर घरटंच नसतं, पाचोळ्यावर दोन अंडी. मादी शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही. मी एकदा जळालेल्या पट्ट्यात ती बसलेली जागा पाहिली आहे. त्याबद्दल इथे जास्त लिहिवत नाही.

दुसरा: भारतीय वन सर्वेक्षण संस्था, डेहराडून, उपग्रहावरून आगीचे इशारे देते. आपला मोबाइल नंबर आणि हवा असलेला भाग नोंदवला की एसएमएस येतो. गावातल्या दोघा-तिघांनी तरी नोंदवा. मात्र त्यावर विसंबून राहू नका. एका प्रकारच्या उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन, दुसऱ्याचा एक किलोमीटरचा. पहिल्याची आपल्यावरून फेरी साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला. दुपारी तीनला लागलेली आग त्याला रात्रीच दिसणार. दाट झाडाखालची छोटी आग दिसणारही नाही. पेंचमध्ये २०२४ पासून उंच मनोऱ्यावर कॅमेरा बसवला आहे, तो धूर ओळखून काही मिनिटांत कळवतो. पण कोंढाळीच्या डोंगरावर अजून माणसाचा डोळाच आहे.

वनखात्याचा निःशुल्क क्रमांक १९२६. शंभरदा सांगितलं तरी चालेल. फोन करताना 'डोंगरावर आग' एवढंच सांगू नका, गाव, नाला, जवळचा रस्ता, आग चढाकडे जातेय की उताराकडे, हे सांगा.

---

संत्राबाग | १८ डिसेंबर, रात्री ८.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. मोहफूल ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली आमच्या डोंगरावरही मोह आहे, पारधी वस्तीतल्या बायका वेचतात, त्यांना कोणी कधी काही दिलं नाही, फक्त दम दिला. मी उद्या जाऊन येतो.

वनवाट काका, प्रत्यक्ष आग आलीच तर? गेल्या वेळी आम्ही समोरून झोडपत होतो. मजुराची भुवई जळाली.

---

वनवाट | १९ डिसेंबर, सकाळी ६.४०

हे नीट वाचा आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

८ एप्रिल २०२१ ला नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजूर गेले. रोज जंगलात वावरणारी, आग ओळखणारी माणसं. वारा फिरला की आग क्षणात फिरते. जंगल पुन्हा येतं, बाग पुन्हा लागते. माणूस येत नाही.

आगीच्या तोंडासमोर कधीही उभं राहायचं नाही. जळून गेलेल्या बाजूने, काळ्या जमिनीवर पाय ठेवून, कडेने झोडपत पुढे जायचं. मागे काळं असेल तर पळायला जागा असते.

चढावर वरच्या अंगाला थांबायचं नाही. आग चढाला धावते. दर दहा अंश चढाला तिचा वेग सुमारे दुप्पट होतो. घळीत तर शिरूच नका, ती चिमणीसारखी ओढते.

नायलॉनचं बनियन, टेरिकॉटचा शर्ट नको. सुती पूर्ण बाह्या, डोक्याला ओला दुपट्टा, पायात चामड्याचे जोडे. एकट्याने जायचं नाही. एकजण फक्त वारा आणि धूर बघत उंचावर उभा हवा, त्याच्या हातात काहीच काम नको.

पळसाची हिरवी डहाळी चांगली. आपटायची नाही, दाबून ओढायची. आपटली की ठिणग्या उडतात.

दुपारी बारा ते चार आग ऐकत नाही. त्या वेळी माणसं आणि जनावरं बाजूला काढा, पुढची रेषा साफ करा, झोडपायला संध्याकाळी जा. हवेतली ओल वाढली की आग बसते. पहाटे तीन ते सहा हा आमचा खरा कामाचा वेळ असायचा.

आणि तुमच्याकडे संत्र्यावर फवारायचा ट्रॅक्टरचा ब्लोअर असेलच. मार्चपासून त्याची टाकी पाण्याने भरून, डिझेल भरून, तोंड रस्त्याकडे करून उभा ठेवा. विजेच्या पंपाच्या भरवशावर राहू नका. समोरून येणाऱ्या मोठ्या आगीवर तो चालवायचा नाही. काळी बाजू भिजवायला आणि विझलेले ओंडके परत उठू नयेत म्हणून.

---

पऱ्हाटी | १९ डिसेंबर, दुपारी १२.१५

पोराले वाचून दाखवलं. लय कामाचं लिहिलं काका.

---

मोहफूल | २१ डिसेंबर, सायंकाळी ६.००

तेंदूबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मे महिन्यात पानाची फळी (बिडीसाठीची तेंदूपानं गोळा करायचं केंद्र) लागते, त्याआधी कोवळं पान यावं म्हणून झुडूप छाटतात. छाटायला मजुरी लागते, जाळायला काडी. जिथे ठेकेदार छाटणीचे पैसे वेळेवर देतो तिथे आग कमी लागते, हे मी दोन गावांत पाहिलं. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपान तोडायचंच नाही असं ठरवलं. छाटणीने आणि आगीने जंगलाचं नुकसान होतं, म्हणून. ते बांबूवर चालतात. प्रत्येक गावाला ते जमणार नाही. ज्यांची पोरांची फी तेंदूवर अवलंबून आहे त्यांना पान सोडा म्हणायचा मला अधिकार नाही. पण छाटणीची मजुरी आधी ठरवून घ्यायचा आग्रह ग्रामसभेने धरावा, एवढं नक्की म्हणेन.

---

संत्राबाग | ९ फेब्रुवारी, रात्री ९.२०

काय झालं ते सांगतो.

पूर्व आणि उत्तर दोन्ही बाजूंना सहा मीटर नांगरून वखरलं. नाल्यासाठी शेजारी आणि आम्ही मिळून तीन दिवस लावले. गवत कापून ओलं असतानाच गाडीत भरून गोठ्यावर नेलं, जनावरांनी अर्धं खाल्लं, उरलेलं झाडांच्या आळ्यात नाही टाकलं, खड्ड्यात शेणाबरोबर टाकलं. कुटाराचा ढीग गोठ्यापासून लांब हलवला. या वर्षी धुरे पेटवायचे नाहीत हे आमच्या बाजूच्या सात शेतकऱ्यांनी मिळून ठरवलं. एकजण अजून नाही म्हणतोय, पण दुपारी तरी लावणार नाही असं कबूल केलंय.

वनरक्षक दोनदा येऊन गेले. जंगलाच्या बाजूची जाळरेषा घेतली, मागच्या आठवड्यात सकाळी जाळली. आम्ही आठजण मदतीला होतो. झाडण्यासाठी मात्र त्यांच्याकडे माणसं कमी आहेत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

वस्तीवर गेलो. नऊ घरं मोह वेचतात. संत्र्यावर टाकायची जुनी शेडनेट आमच्याकडे पडून होती, ती शिवून अठरा चादरी झाल्या. तिथल्या एक आजी म्हणाल्या, आधी का नाही आलास.

---

वनवाट | १० फेब्रुवारी, सकाळी ७.००

वाचून डोळे भरून आले. झाडण्याचं विसरू नका. मार्चचा दुसरा आठवडा.

---

संत्राबाग | २३ एप्रिल, रात्री ११.३०

आज आग आली. आमच्या बाजूने नाही, डोंगराच्या पलीकडून, दुपारी दोनला वरून धूर दिसला. १९२६ ला फोन केला, वनरक्षकांना केला. वनवाट काकांचं ऐकून दुपारी कोणी वर गेलो नाही. जनावरं सोडून अमरावती रोडच्या बाजूला नेली. ब्लोअर सुरू करून उत्तरेची कड भिजवली.

सायंकाळी साडेसहाला आग उतारावरून जाळरेषेपर्यंत आली. उतारावर ती हळू असते हे पहिल्यांदा उभं राहून पाहिलं. रेषा आमच्या बागेसमोर साधारण चारशे मीटर आहे. त्यातला बागेसमोरचा तीनशे मीटरचा भाग मी आणि वस्तीवरची दोन पोरं दर रविवारी झाडत होतो. तिथे आग येऊन बसली. अक्षरशः बसली, काठावर.

पुढचे शंभर मीटर, नाल्याकडच्या वळणापाशी, मोठे साग आहेत. ते मार्चमध्ये एकदा झाडलं, नंतर मुलीच्या परीक्षेमुळे दोन रविवार गेले आणि राहून गेलं. तिथे पानांचा थर घोट्यापर्यंत होता. आग त्या पानांवरून चालत आली आणि ओलांडून गेली. पलीकडे नांगरलेली माती होती म्हणून बागेत शिरली नाही, पण कडेच्या जंगलाचा तुकडा जळाला, त्यात एक मोठा मोह आहे. वस्तीवरच्या आजी त्याच झाडाखाली वेचतात.

आम्ही अकराजण होतो, कोणाला काही झालं नाही. रात्री दहाला आग पूर्ण बसली. आता दोघं ओंडक्यांवर लक्ष ठेवून आहेत, पहाटे मी जाईन.

वनवाट काका, मोहाचा बुंधा एका बाजूने चार-पाच फुटांपर्यंत काळा झालाय, वरचा पाला हिरवा आहे. वाचेल का?

---

वनवाट | २४ एप्रिल, पहाटे ४.५०

हद्दीच्या आतला आहे, तेव्हा वनरक्षकांना विचारून हात लावा. काळी साल खरवडू नका, फांदी तोडू नका, खालची राख तशीच राहू द्या. ओंडका धुमसत असेल तर झाडापासून ओढून बाजूला न्या. पहिल्या पावसानंतर काळ्या बाजूच्या कडेने साल फुगायला लागली तर वाचला समजा. जूनमध्ये फोटो टाका.